ओशट न लागणारं क्रीम

त्या हिवाळ्यात मी जितकी क्रीमं विकत घेतली, तितकी माझ्या लग्नातही कुणी घेतली नसतील. मुळात मी क्रीमवाली बाईच नव्हे. मी शाळेत गणित शिकवते, खडूचे हात पदराला पुसते आणि थंडी फारच बोचायला लागली तर ओठांना दुधावरची साय लावते. पण दसऱ्यानंतर बाबा गेले, दिवाळी न करताच सरली आणि झाशीची ती कोरडी थंडी पडली, तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. वर्गात मुलं गणितं सोडवत असायची आणि मी टेबलाखाली फोन धरून एकच गोष्ट शोधत असायची: चेहऱ्याला भरपूर ओलावा देईल, पण हाताला जराही तेलकट लागणार नाही, असं क्रीम.

ते माझ्यासाठी नव्हतं, आईसाठी होतं.

आईचा चेहरा फुटला होता. नुसता कोरडा झाला असता तर मी एवढी धावपळ केली नसती. गालांवर लाल भेगा पडल्या होत्या, नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी सोलून निघत होती आणि तोंडाचे कोपरे असे चिरले होते की घास घ्यायला तोंड उघडलं की रक्त यायचं. ती पोळी दुधात कुस्करून खायची, तीही चमच्याने. लक्ष्मी तलावाकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात दर शुक्रवारी जाणारी बाई, तिने तेही सोडलं. तिथला वारा चेहऱ्याला झोंबतो म्हणाली.

आणि तिचं बोलणं थांबलं. हे सगळ्यात वाईट. माझी आई म्हणजे दिवसभर चालू असलेला रेडिओ. भाजीवाल्याशी बुंदेलीत, देवाशी मराठीत आणि शिट्टी न होणाऱ्या कुकरशी हिंदीत. लहानपणी मला वाटायचं की आई गप्प बसली तर भिंतीच बोलायला लागतील. आता त्याच घरात नळाचं थेंबथेंब पाणी ऐकू यायचं. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, मुलगी पुण्यात. घरात आम्ही दोघीच. मी शाळेतून आले की ती नुसती मान हलवायची, चहा ठेवायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. तोंड उघडलं की चिरतं, म्हणून ही बोलत नाही, असं माझं गणित होतं. चेहरा बरा झाला की बोलणं परत येईल. मला तिचं बोलणं परत हवं होतं. त्यासाठी मी काय वाट्टेल ते लावायला तयार होते.

डॉक्टरांनी मलम दिलं. चेहरा सतत ओला राहिला पाहिजे, नाहीतर भेगा चिघळतील, या वयात चेहऱ्यावर जंतुसंसर्ग म्हणजे खेळ नाही, असं त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. तिने मान डोलावली. घरी आल्यावर मी झाकण उघडून डबी तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला, डबी थोडी कलती करून आतली चमक बघितली आणि मागे सरली.

"ओशट आहे," ती म्हणाली.

"मलम आहे, आई. ओशट असणारच."

"वर्षभर अंगाला ओशट लावायचं नाही. आपल्यात नाही चालत."

आता हे "आपल्यात नाही चालत" काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. आमचे पूर्वज कधीकाळी कारकुनी करायला इकडे आले आणि इथेच राहिले. दोन शतकांहून जास्त काळ लोटला. आता आमच्याकडे चिंचगुळाची आमटीही होते आणि कढीत पकौडेही पडतात. मुलं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. मात्र रीतीभाती आम्ही अशा जपल्या आहेत की पुण्याचे नातेवाईक आले की तोंडात बोट घालतात. त्यातल्या काही त्यांनी सोडून दिलेल्या असतात आणि काही तर तिकडे कधी नव्हत्याच. पण कुणाला विचारायचं? इथे आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एखाद्या घरातली जुनी बाई "आपल्यात नाही चालत" म्हणाली की विषय संपला. कुठे लिहिलंय, असं आमच्यात कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. बाबा गेल्यामुळे दिवाळीला अभ्यंग टाळलंच होतं. त्याच्याच पुढचं काहीतरी असेल, असं धरून चालले.

शिवाय तिच्याकडे तपासणी होती. ती तिची जुनी सवय. मिठाईवाल्याकडून काहीही आलं की कागदाच्या तुकड्यावर ठेवायचं, मग तो कागद खिडकीच्या उजेडात धरायचा. डाग पडून मागची अक्षरं दिसायला लागली की त्या मिठाईवाल्याचा उद्धार व्हायचा. तीच तपासणी तिने मलमाला लावली. चमच्याच्या दांड्याने थोडंसं उचललं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर घासलं, खिडकीत धरलं. डागातून पलीकडची जाहिरात स्वच्छ दिसत होती. तिने कागद माझ्याकडे केला.

त्या रात्रीच्या जेवणाआधी मी मुलीला फोन लावला. पुण्यात राहून तिचं मराठी सुधारेल, ही माझी आशा फोल ठरली आहे. तिथले लोक तिच्या मराठीला हसतात म्हणून ती तिकडेही हिंदीच बोलते.

"मम्मा, कोरियन क्रीम ट्राय करो ना," ती म्हणाली. "रिच होती हैं, पर ऑयली बिलकुल नहीं. आजी को पता भी नहीं चलेगा."

मग तिने मला जे ज्ञान दिलं ते मी निमूट ऐकलं. कोरियात म्हणे बायका एकावर एक थर लावतात. आधी पाण्यासारखं, मग जरा दाट, मग क्रीम. तिकडे थंडी कडाक्याची, पण चेहरे काचेसारखे. मला काच नको होती, मला फक्त भेगा बुजायला हव्या होत्या. पण "रिच आणि ऑयली नाही" हे शब्द डोक्यात बसले आणि तिथून माझी खरी वणवण सुरू झाली.

पहिली डबी मुलीने कुरिअरने पाठवली. सुंदर डबी, गुबगुबीत, वरची अक्षरं म्हणजे नुसत्या गोल-चौकटी. आईने कागदाची तपासणी केली. डाग फार नव्हता. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर मुलीचा फोन आला.

"मम्मा, आजी को मत लगाना अभी! मैंने ध्यान नहीं दिया. इसमें स्नेल है."

"म्हणजे?"

"घोंघा, मम्मा. घोंघे का... वो जो चिपचिपा होता है ना."

म्हणजे गोगलगायीचा चिकटा. माझ्या आईच्या घरात, जिथे चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही, तिथे देवघराशेजारच्या फळीवर मी गोगलगाय आणून बसवली होती. मी डबी उचलली आणि पदराखाली लपवून माझ्या खोलीत नेली. आईने विचारलं तर काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, पण तिने विचारलंच नाही. पूर्वीची आई असती तर डबीचा पाठलाग करत माझ्या खोलीत आली असती. तिने विचारलं नाही, याचंच मला रडू आलं. टाकून देणं जिवावर आलं, म्हणून ते क्रीम मी स्वतः लावून संपवलं. शाळेतल्या बाया म्हणायला लागल्या, "मैडम जी, आजकल बड़ी चमक रही हो." आईचा चेहरा फाटत चाललाय आणि माझा उजळतोय, या विचाराने मला त्या कौतुकाची शिसारी आली.

दुसरी डबी सदर बाजारातून आणली. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल कोरियन है जी, आँख बंद करके ले जाओ." मी डोळे बंद करूनच आणली असावी, कारण घरी झाकण उघडलं तर आत नुसतं वनस्पती तूप वाटावं असा गोळा. कागदावर ठेवायचीही गरज नव्हती. तिसरी हाताला हलकी होती, पण इतकी हलकी की गालांवर लावताच उडून गेल्यासारखी झाली. ती मी माझ्याच गालांवर लावून पाहिली होती. अर्ध्या तासात कातडी पुन्हा ताणायला लागली. म्हणजे दाट घ्यावं तर ओशट, हलकं घ्यावं तर निरुपयोगी. रात्री अंथरुणावर पडले तरी डोळ्यांपुढे डब्या नाचायच्या. शाळेत एका मुलीने मला अपूर्णांक विचारला आणि मी तिला म्हणाले, "आधी हे सांग, तुझी आई थंडीत चेहऱ्याला काय लावते?" ती बिचारी घाबरली. संध्याकाळी मी घरात येरझारा घालायची आणि आई खिडकीशी बसून बाहेर बघायची. उठली तर हात धुवायला उठायची. भाजी चिरली, हात धुतले. पोळीला हात लावला, हात धुतले. साबणाने, कितीतरी वेळ. तिचे हातही चेहऱ्यासारखेच फुटले होते. मी तिला एकदा ओरडलेही, "इतकं काय पाण्यात खेळतेस या थंडीत?"

मग कुणीतरी सांगितलं, बबीन्याला बघा. तिथल्या लष्करी छावणीतल्या बायका देशभरातून आलेल्या, त्यांना असल्या गोष्टी माहीत असतात, तिथे चांगला माल मिळतो. रविवारी सकाळीच निघाले. धुकं इतकं की बस चालते आहे की उभी आहे कळत नव्हतं. चौकशी करत करत मी एका छोट्या दुकानाशी पोचले. दुकानदारीणबाई एका फौजीची बायको होती, ईशान्येकडची, बारीक डोळ्यांची, हसरी. काचेमागे सगळ्या कोरियन डब्या मांडलेल्या. मी थेट विषयाला हात घातला.

"मला, म्हणजे मुझे, गाढ़ी क्रीम चाहिए. एकदम फटी हुई स्किन के लिए. पर चिकनी नहीं लगनी चाहिए. ज़रा भी नहीं."

ती हसली. "दीदी, ये तो सबको चाहिए."

"सबको नहीं, मेरी माँ को चाहिए," मी जरा जोरातच म्हणाले. माझ्या आवाजाला मीच दचकले. तिचं हसू विरलं. तिने चार-पाच डब्या काढल्या आणि एकेकीतलं थोडं थोडं माझ्या हाताच्या पाठीवर लावलं. मी हात उजेडात धरून बघत होते, घासत होते, वास घेत होते. मागे दोन बायका खोळंबल्या होत्या. त्यांच्याकडे मी बघितलंही नाही. शेवटी एक डबी सापडली. तांदळाच्या पाण्याची. आतलं क्रीम पांढरंशुभ्र, पेजेसारखं दाट, आणि बोटाने पसरवलं की आत जिरून जायचं. वर काही उरायचं नाही. हात मऊ, पण कोरडा. मी तो हात स्वेटरला पुसून पाहिला, कपाळाला लावून पाहिला. मला दुकानात नाचावंसं वाटलं. बसमध्ये सारखी पिशवी उघडून डबी आहे ना ते बघत आले.

घरी आल्याबरोबर आईपुढे बसले. "तांदळाचं आहे," मी म्हणाले. "पेज समज. गोगलगाय नाही, काही नाही." गोगलगायीचा उल्लेख तिला समजला नाही, पण तिने चमचा आणला. कागदावर घासलं. खिडकीत धरलं. कागद नुसता ओला झाला, आणि थोड्या वेळाने वाळला. डाग नाही. पलीकडचं एकही अक्षर दिसेना. मी तिच्याकडे अशी बघत होते जशी माझ्या वर्गातली मुलं उत्तरपत्रिकेकडे बघतात.

"बघ," मी म्हणाले. "आता तरी लावशील?"

तिने बराच वेळ डबीकडे बघितलं. मग उजव्या हाताचं एक बोट आत बुडवलं. तिने अंगठ्याने ते बोटावर हळूहळू चोळलं. आणि तिचा चेहरा बदलला. कसा ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी मागून हाक मारावी आणि वळल्यावर तिथे कुणीच नसावं, तशी ती झाली. ती उठली, नळ सोडला आणि साबणाने हात धुवायला लागली.

"ओशट आहे," ती पाठमोरीच म्हणाली.

"नाहीये!" मी ओरडले. "कागद बघ ना! तुझाच कागद आहे, तुझीच परीक्षा आहे! कुठे आहे डाग?"

"आपल्यात नाही चालत," ती म्हणाली, आणि हात धुतच राहिली.

मी डबी आपटून खोलीत निघून गेले. राग आला होता, त्याहून जास्त भीती वाटत होती. ही अशीच वाळत जाणार आणि मी डब्या मांडत बसणार, असं दिसायला लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाबांचं मासिक श्राद्ध होतं. आमचे गुरुजी म्हणजे इथल्या मराठी घरांचे जवळजवळ एकमेव. सगळं आटोपल्यावर ते चपला घालत होते, तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"गुरुजी, वर्षभर तेल-तूप अंगाला लावायचं नाही, ही रीत नक्की कशी आहे? औषध म्हणून चालतं का? काही प्रायश्चित्त वगैरे असेल तर मी करते. पण आईचा चेहरा बघताय ना तुम्ही?"

त्यांनी एक पाय चपलेत तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "वर्षभर? कुणी सांगितलं, ताई?"

"आईने. आपल्यात नाही चालत म्हणाली."

"सुतकात नाही लावत. तेरा दिवस झाले की झालं. दिवाळीचं अभ्यंग टाळतात, ते सण म्हणून. पण वर्षभर तेल नाही, असं मी तरी कुठल्याच घरी बघितलं नाही. तुमच्या आजोबांच्या वेळेला माझे वडील यायचे. तेव्हाही नव्हतं जी असं काही. तुमच्या आजी तर केसांना तेल लावून बसलेल्या असायच्या."

मी तिथेच जिन्यात उभी राहिले. म्हणजे दोन महिने मी ज्या रीतीशी झुंजत होते, ती रीत नव्हतीच. बबीन्याच्या धुक्यापासून गोगलगायीपर्यंत सगळं त्या नसलेल्या रीतीसाठी. आमच्या घराखेरीज कुठल्या घरात हे घडलं असतं मला माहीत नाही. दुसरीकडे कुणीतरी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की कुठे लिहिलंय? आम्ही मात्र ते तीन शब्द ऐकले की मान तुकवतो.

आई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसली होती. मी धाडधाड जिना चढले.

"गुरुजी म्हणतात असलं काही नाही," मी पोचताच म्हणाले. "तेरा दिवस. फक्त तेरा दिवस, आई! तुला कुणी सांगितलं वर्षभर?"

"कुणी नाही," ती म्हणाली. शेंग उकलली, दाणे ताटात पाडले.

"म्हणजे?"

"मला माहीत आहे तेरा दिवस असतं ते."

माझं डोकं फिरलं. "माहीत आहे? मग का? चेहरा बघ स्वतःचा! मी वेड्यासारखी गावभर फिरतेय, आणि तुला माहीत आहे?"

"तू विचारलं असतंस तर सांगावं लागलं असतं," आई म्हणाली. "रीत म्हटलं की कोणी विचारत नाही."

ती थोडा वेळ मटारच सोलत राहिली. मी उभीच होते, बसणं मला शक्य नव्हतं. मग ती बोलायला लागली. शेंगांकडे बघत, आवाज न चढवता; आणि तोंडाच्या कोपऱ्यात रक्त आलं तरी ती थांबली नाही. म्हणजे चिरांमुळे ती गप्प नव्हतीच. माझं ते गणितही चुकलं होतं.

बाबांचे पाय शेवटच्या वर्षात गार पडायचे. ती रोज दिवेलागणीच्या आधी सरसोंचं तेल ओव्यासकट कोमट करून त्यांचे पाय चोळायची, हे मला माहीत होतं. चोळता चोळता दिवसभराचं सगळं सांगायची आणि बाबा "हूं, हूं" करायचे, हेही माहीत होतं. पण ते गेले त्या दिवशी मी शाळेतल्या बैठकीत अडकले होते.

"मी त्यांना चिरगाँवच्या लग्नाचं सांगत होते," आई म्हणाली. "तुझ्या जन्माच्या आधीचं. बस पंक्चर झाली आणि आम्ही सगळे नटूनथटून रस्त्यावर उभे, ते. ते हूं म्हणत होते. मग हूं थांबलं. मला वाटलं डोळा लागला. झोप लागली की बरं वाटायचं मला, दुखणं तेवढं कमी. मी सांगतच राहिले. एक पाय झाला, दुसरा घेतला. गार लागला. मला वाटलं, तेल गार झालंय."

तिने हातातली शेंग ताटात ठेवली.

"उठले, वाटी घेऊन खाली गॅसवर ठेवली. तेल गरम करून आणलं. पुन्हा लावलं. बोटाबोटांत जिरवलं. आणि बोलत होते मी सगळा वेळ. बस मिळाली, मग नवरदेव रुसला, सगळं सांगितलं. दोन्ही पाय नीट करून रजई घालायला वर सरकले, तेव्हा तोंडाकडे बघितलं."

मी त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ती नळाखाली हात धरून उभी होती. "गेले," एवढंच म्हणाली होती. ती हात का धुते आहे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही आणि नंतरही नाही.

"बोटांना मऊ काही लागलं ना," आई म्हणाली, "की पाय येतात हातात. तुझं क्रीम चांगलं आहे. ओशट नाही ते. पण मऊ आहे."

मला तिला काहीतरी समजूतदार सांगायचं होतं. तुझा काही दोष नाही, त्यांना त्रास झाला नाही, बोलणं ऐकता ऐकता गेले, असं. मी रडले, तेही धड नाही. मग खाली गेले, कपाट उघडलं आणि ती डबी घेऊन वर आले. दोन महिने मी तिच्यासाठी क्रीम शोधत होते आणि प्रत्येक वेळी डबी तिच्या हातात देत होते. क्रीम बदलत राहिले, हात बदलायचं मला सुचलं नव्हतं.

"तू काही करू नकोस," मी म्हणाले. "हात मटारातच राहू दे. तोंड इकडे कर फक्त."

ती नको म्हणेल असं वाटलं होतं. तिने ताट मांडीवर नीट घेतलं, दोन्ही हात दाण्यांत खुपसले आणि चेहरा वर करून डोळे मिटले. लहान मूल नाक पुसून घेताना करतं तसा. मी क्रीम घेतलं आणि तिच्या कपाळाला लावलं. तिच्या चेहऱ्याला मी असा हात कधी लावला होता, आठवेना. गालांची कातडी माझ्या बोटांखाली सुकलेल्या चिखलासारखी खडबडीत लागत होती. भेगांवर बोट आलं की ती जरा आक्रसायची, पण मागे सरत नव्हती.

गप्प राहून लावणं मला जमेना. म्हणून बोलायला लागले. गोगलगायीचं सांगितलं, डबी पदराखालून कशी पळवली ते, आणि मग तेच लावून मी शाळेत कशी चमकत होते ते. "हूं," आई म्हणाली, आणि तिचा गाल माझ्या बोटाखाली किंचित हलला. सदर बाजारातल्या दुकानदाराचं सांगितलं. "हूं." बबीन्याला मी त्या बाईवर कशी खेकसले ते सांगितलं, मागच्या बायका कशा तोंडं वाकडी करत होत्या ते सांगितलं. क्रीम जिरत होतं. मी आणखी घेतलं, नाकाच्या कडेला लावलं, तोंडाच्या कोपऱ्यांना अगदी हलकं टेकवलं. उन्हात तिचा चेहरा सैल पडला होता, मान भिंतीला टेकली होती. मी बसचं सांगत होते, धुक्यात ती चालते की उभी आहे ते कळत नव्हतं म्हणून.

हूं आलं नाही.

माझी बोटं तिच्या गालावरच थांबली. ऊन होतं, खाली गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"आई?"

तिने डोळे उघडले नाहीत.

"आहे गं मी," ती म्हणाली. "थांबलीस कशाला? पुढे सांग."